रमाबाईंची अमेरिकन आगगाडी

मुरबाडहून एसटीने निघालेला माणूस आणि शहापूरहून आसनगावला येऊन लोकल पकडलेला माणूस, दोघेही मुंबईला जाताना कल्याणला येतात. कल्याण हे मध्य रेल्वेचे मोठे नाके. इथून एक फाटा कर्जतकडे, बोरघाटाकडे वळतो आणि दुसरा टिटवाळा, वासिंद, आसनगाव, खर्डी करत कसाऱ्याच्या थळ घाटाला भिडतो. ज्युल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याची कादंबरी १८७३ साली पुस्तकरूपाने आली. तिचा नायक मुंबईहून कलकत्त्याला निघतो तेव्हा त्याच्या वाटेत कल्याणचे हे जंक्शन येते. पुढे तोच नायक सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत जवळपास सारी अमेरिका आगगाडीने पार करतो.

कादंबरीतली ही फेरी एका मराठी स्त्रीने पुढे प्रत्यक्षात पुरी केली. १८८३ साली मुंबई सोडून इंग्लंड, तिथून अटलांटिक ओलांडून अमेरिका, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रूळमार्गाने, मग पॅसिफिक, जपान, हाँगकाँग आणि १८८९ मध्ये पुन्हा मुंबई असा हा प्रवास. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. आणि त्यांना अमेरिकेकडे खेचून नेले ते कल्याणात जन्मलेल्या एका मुलीने.

या मुलीचे आणि आपल्या रुळांचे वय जवळपास सारखेच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोचली, १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. तिथे सह्याद्री आडवा उभा. कसारा ते इगतपुरी हा टप्पा खुला झाला तो १ जानेवारी १८६५ रोजी. त्यानंतर तीन महिन्यांनी, ३१ मार्च १८६५ला, कल्याणच्या जोशी कुटुंबात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. पहिले मूल दहा दिवसांत गेले, तेव्हा आई जेमतेम चौदा वर्षांची होती. वैद्यकी शिकायची हा ध्यास तिथून सुरू झाला.

गोपाळरावांच्या बदल्यांमागे फिरत आनंदीबाई बंगालपर्यंत गेल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जेमतेम अकरा दिवसांपूर्वी, २४ मे रोजी, न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल रहदारीला खुला झाला होता. त्यांचा मुक्काम होता न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी. हे गाव लहान, पण त्या वर्षी जगाच्या नजरेत भरलेले. एडिसनने तिथे १९ जानेवारी १८८३ रोजी खांबांवरून तारा टाकून विजेचे दिवे लावले होते. अशा रीतीने उजळलेले ते पहिले गाव मानले जाते. ज्या काळी आपल्याकडे घरोघरी तेलाची समई आणि चिमणी होती, त्या काळी कल्याणची ही अठरा वर्षांची मुलगी थेट विजेच्या दिव्यांच्या गावात राहायला गेली.

तिथून फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात तीन वर्षे शिकून ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला हजर राहण्यासाठी रमाबाई इंग्लंडहून आल्या. सोबत त्यांची जवळपास पाच वर्षांची मुलगी मनोरमा होती. बेत होता थोड्या दिवसांच्या पाहुणचाराचा. प्रत्यक्षात रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या, आणि त्यातला मोठा काळ आगगाडीच्या डब्यात, स्टेशनांवर आणि शहराशहरांतल्या सभागृहांत गेला.

प्रवास त्यांना नवा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांमागून तीर्थक्षेत्रे पालथी घालत असे. दुष्काळात आईवडील गेले, तरी रमाबाई आणि त्यांचा भाऊ हजारो मैल पायी चालत राहिले. ज्या बाईने हिंदुस्थान असा पायाखाली घातला होता, तिच्यापुढे आता एक अख्खे खंड लोखंडी रुळांवर उलगडणार होते.

ते रूळ किती पसरले होते, हे आकड्यांवरून कळते. १८९०च्या सुमारास हिंदुस्थानात सोळा हजार मैलांच्या आसपास लोहमार्ग होता, तर अमेरिकेत त्याच्या जवळपास दसपट. पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणारा पहिला मार्ग १० मे १८६९ रोजी युटामध्ये पुरा झाला होता. यात कसारा परिसरातल्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. सिएरा नेवाडा पर्वत चढताना अमेरिकन इंजिनिअरांनी मैलाला ११६ फूट ही चढाची कमाल मर्यादा धरली, म्हणजे साधारण ४५ फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ. थळ घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे. आपला घाट अधिक तीव्र, आणि तो काही वर्षे आधी सर झालेला. म्हणूनच कसाऱ्याला आजही गाडीच्या पाठीला बँकर इंजिने लागतात आणि मागून रेटा देत गाडी इगतपुरीला चढवतात.

हे रूळ टाकणारे हातही दोन्हीकडे सारखेच दुर्लक्षित राहिले. आपल्या घाटांत हजारो मजुरांनी सुरुंग लावले, दगड फोडले, तापाने आणि पटकीने जीव गमावले, आणि त्यांची नावे कुठे कोरली गेली नाहीत. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडणाऱ्यांत बहुसंख्य चिनी मजूर होते. मार्ग पुरा होऊन तेरा वर्षे झाली नाहीत तोच, १८८२ साली, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घातली.

मग आगगाडीचा डबा पाहू. त्या काळी आपल्याकडची आणि इंग्लंडमधली गाडी खणाखणांची असे, ज्याची त्याची बसायची जागा बंद कप्प्यात आणि दार थेट फलाटावर उघडणारे. अमेरिकन डबा म्हणजे एक लांबच लांब खोली. मधोमध जायची वाट, दोन्ही बाजूंना दोघादोघांची बाके. गाडीची दिशा बदलली की बाकाची पाठ उलटी फिरवायची आणि तोंड पुढे करून बसायचे. एका टोकाला कोळशाची शेगडी आणि थंड पाण्याची टाकी. कंडक्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत यायचा, आणि मागोमाग वर्तमानपत्रे, शेंगा, मिठाई विकणारी पोरे. लांबच्या प्रवासाला पुलमन कंपनीचे डबे. दिवसा समोरासमोर बसायची बाके रात्री ओढून जोडली की खालचा बिछाना तयार, आणि छताला मिटून ठेवलेली फळी खाली ओढली की वरचा. मध्ये फक्त पडदा.

सोय होती, तसा धोकाही होता. डब्यातल्या शेगड्या अपघातात आग लावत. १० ऑगस्ट १८८७ रोजी इलिनॉयमधल्या चॅट्सवर्थ गावाजवळ जळून कमकुवत झालेल्या लाकडी पुलावरून नायगाराच्या सहलीची गाडी कोसळली आणि ऐंशीच्या आसपास माणसे मेली. रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या. एवढ्या रेल्वेचे वेळापत्रक सांभाळायचे म्हणजेही मोठी कसरत. आधी प्रत्येक शहराची वेळ त्याच्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणे चाले. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी देशाचे वेळेचे पट्टे पाडले आणि गोंधळ संपवला. आपल्याकडे तेव्हा रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावे, तर मुंबई शहर स्वतःच्या घड्याळावर. भारतीय प्रमाणवेळ यायला १९०६ साल उजाडावे लागले.

रमाबाईंच्या प्रवासाचे वेगळेपण असे की त्या स्थळे पाहायला फिरत नव्हत्या. बालविधवांसाठी हिंदुस्थानात शाळा काढायची, हे त्यांचे ठरले होते आणि त्यासाठी पैसा हवा होता. दरम्यान पदवी घेऊन आनंदीबाई मायदेशी परतल्या, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा अमेरिकेला नेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. त्याच वर्षी रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना लिहिली ती आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी. पुस्तकाच्या विक्रीने हाती थोडा पैसा आला, आणि रमाबाईंची गाडी खऱ्या अर्थाने सुटली.

एका शहरात उतरायचे, चर्चमध्ये किंवा सभागृहात भाषण द्यायचे, ऐकायला आलेल्या बायकांचे ‘रमाबाई मंडळ’ बांधायचे, आणि पुढच्या गाडीने पुढच्या शहरात जायचे. मंडळाने थोडी थोडी वर्गणी जमवायची आणि ती दहा वर्षे पाठवत राहायची. या मंडळांची मध्यवर्ती संस्था, अमेरिकन रमाबाई असोसिएशन, डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झाली. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल, बोस्टनचे नावाजलेले धर्मोपदेशक आणि लेखक. उपाध्यक्षांत दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड होत्या. फिलाडेल्फियात रमाबाई बालवाडीची, फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाची, पद्धत शिकल्या. १८८८च्या वसंतात वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरली, तिथे त्या हजर होत्या. सुसान अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन या मताधिकाराच्या लढ्यातल्या अग्रणी बायकांनी ती भरवली होती.

या साऱ्या धावपळीत त्यांचा आहार शाकाहारीच राहिला. अंगावर हिंदी पोशाख आणि तोंडात अस्खलित इंग्रजी. सभागृहे भरत होती ती उगीच नव्हे.

मायदेशी परतल्यावर त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिले. ‘यूनाइटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे ते पुस्तक १८८९ मध्ये मुंबईला छापले गेले. नावात प्रवास असला तरी पुस्तकाचा बराचसा भाग अमेरिकन लोकांच्या राज्यपद्धतीला, घरांना, शाळांना, धर्मादाय संस्थांना, व्यापाराला आणि सर्वांत जास्त स्त्रियांच्या स्थितीला दिलेला आहे. अमेरिकन बायका संस्था काढतात, शिकतात, स्वतःच्या पायावर उभ्या राहतात, याचे त्यांना मनापासून कौतुक वाटले. पण त्यांनी डोळे झाकून स्तुती केली नाही. मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा हिसकावल्या गेल्या, काळ्या लोकांना गुलामी संपल्यावरही कसे वागवले जाते, बायकांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी का मिळते, हेही त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवले. राज्यकर्त्या इंग्रजांच्या देशात राहून आलेल्या एका हिंदी बाईने दुसऱ्या गोऱ्या देशाकडे बरोबरीच्या नात्याने पाहावे, चांगले ते घ्यावे आणि वाईटाला वाईट म्हणावे, हे १८८९ साली फार मोठे धैर्य होते.

ही टीका कुठल्या वास्तवातून आली, हे रेल्वेच्याच एका खटल्यात दिसते. आयडा वेल्स ही टेनेसी राज्यातली काळी शिक्षिका. पहिल्या वर्गाचे तिकीट काढून ती बायकांच्या डब्यात बसली होती. कंडक्टरने तिला धूम्रपानाच्या डब्यात जायला सांगितले, ती उठेना, तेव्हा तिला ओढून काढले. तिने कंपनीवर दावा लावला आणि १८८४ मध्ये पाचशे डॉलरची भरपाई जिंकली. पण एप्रिल १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. रमाबाई देशभर मानाने फिरत होत्या त्याच काळात, त्याच देशाच्या गाडीत जन्माने अमेरिकन असलेल्या बाईला तिकीट असून जागा नव्हती. त्याआधी, २८ ऑक्टोबर १८८६ रोजी, न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा मताधिकारवादी बायकांनी बोट भाड्याने घेऊन निषेध केला होता. बाईच्या रूपातल्या स्वातंत्र्याचा जयजयकार आणि खऱ्या बाईला मत नाही, हे त्यांना सहन होईना.

अमेरिकेतला शेवटचा मोठा टप्पा पश्चिमेचा. गवताळ मैदाने, रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत. तिथे सॅन फ्रान्सिस्कोत १८७३पासून टेकडीच्या रस्त्यांवर ट्राम चढत होत्या, घोड्यांशिवाय, रस्त्याखाली सतत फिरणाऱ्या पोलादी दोराला धरून. तिथेही भाषणे आणि मंडळे झाली. नोव्हेंबर १८८८ मध्ये रमाबाईंनी त्या किनाऱ्यावरून जहाज पकडले. त्या मुंबईला पोचल्यावर काही महिन्यांनी, नोव्हेंबर १८८९ मध्ये, नेली ब्लाय ही अमेरिकन वार्ताहर व्हर्नच्या नायकाला मागे टाकायला निघाली आणि बहात्तर दिवसांत जग फिरून जगप्रसिद्ध झाली. रमाबाईंना जवळपास सहा वर्षे लागली. पण त्या परतल्या तेव्हा हाती दहा वर्षांच्या मदतीचे वचन होते.

आज कुणा मराठी प्रवाशाला ती वाट धरायची असेल तर ती बऱ्याच अंशी शाबूत आहे. १९७१ पासून अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या ॲमट्रॅक ही सरकारी संस्था चालवते. तिची ‘कॅलिफोर्निया झेफिर’ शिकागोहून निघते आणि डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, रीनो, सॅक्रामेंटो करत सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या एमरीव्हिलला पोचते. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, वेळ पन्नास तासांच्या वर, दोन रात्री गाडीत. सिएरा नेवाडातला तिचा मार्ग बव्हंशी चिनी मजुरांनी फोडलेलाच आहे. मात्र गाडी दिवसाला एकच. रूळ बहुतेक ठिकाणी मालवाहतूक कंपन्यांच्या मालकीचे, त्यामुळे लांबलचक मालगाडीला वाट देत प्रवासी गाडी बाजूला थांबून राहते.

रेल्वेचे हे वैभव ओसरले ते रस्त्यांमुळे आणि विमानांमुळे. १९५६च्या कायद्याने अमेरिकेत ४१,००० मैलांचे आंतरराज्य महामार्ग आखले गेले. गावोगावी गाडी पोचली, पण शहरांत हे रस्ते अनेकदा गरिबांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या चिरत गेले. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातली रोंडो ही काळ्या लोकांची नांदती वस्ती अशीच महामार्गाखाली गेली. रस्त्यावरही कोण कुठे बसणार, कुठे उतरणार, हा प्रश्न सुटला नव्हता. काळ्या प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून तीस वर्षे छापले जात होते. १९६१ मध्ये काळे-गोरे तरुण मिळून एका बसमध्ये बसून दक्षिणेत निघाले, तेव्हा अलाबामात जमावाने त्यांची बस पेटवून दिली.

शहापूर तालुक्याला रस्त्यांचा हा हिशेब परका नाही. जुना मुंबई-आग्रा रस्ता इथूनच कसाऱ्याला चढतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट काही मिनिटांत पार होऊ लागला. या रस्त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. मुरबाडला तर रेल्वेच अजून यायची आहे. कल्याण-मुरबाड मार्गाला मंजुरी मिळाली तरी मुरबाडकर आजही एसटीवरच आहे. गाडी कुणाच्या दारात थांबते आणि कुणाच्या दारावरून नुसती निघून जाते, हे रमाबाईंनी अमेरिकेत पाहिले. तोच प्रश्न इथे विचारायला हवा.

रमाबाईंनी आपल्या प्रवासाचे काय केले, याचा जमाखर्च स्पष्ट आहे. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत बालविधवांसाठीचे शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्याला गेले. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, कोकणातल्या देवरुखच्या बालविधवा. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९२९ मध्ये सत्तरी ओलांडलेले कर्वे स्वतः परदेश दौऱ्यावर निघाले, अमेरिकेत गेले, सभा घेतल्या, आपल्या विद्यापीठाचे काम तिथल्या लोकांना समजावून सांगितले आणि १९३० मध्ये देणग्या घेऊन परतले.